ओल्या पोत्यातले अठ्ठावीस अंश

"मानवी आहे म्हणता, मग सिव्हिल सर्जनची एनओसी कुठी आहे?"

आमच्या कॉलेजचे हेडक्लार्क पार्सलवर तळहात ठेवून बसले होते. त्यांना सगळे बडे बाबू म्हणत. पार्सल म्हणजे थर्माकोलचा लहानसा डबा. त्यात बोटाएवढी काचेची नळी, नळीत जेली, जेलीत बॅक्टेरिया. मोठ्या शहरातल्या एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या माझ्या मित्राने तो पाठवला होता आणि वर इंग्रजीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ह्यूमन टायरोसिनेज जीन. सगळा घोळ त्या पहिल्या शब्दाने केला होता.

"बडे बाबू, यात माणूस नाही," मी म्हणालो. "माणसाच्या कातडीतल्या एका एन्झाइमचं जनुक आहे. तेही बॅक्टेरियात ठेवलेलं."

"कातडी माणसाचीच आहे ना?"

"कातडी नाही. कातडीतल्या एका गोष्टीची कृती आहे."

"कृती त कागदावर राह्यते. हे नळीत आहे." त्यांनी आवक रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. "माझ्याजवळ तीनच रकाने आहेत, सर. कागदपत्र, साहित्य अन् जिवंत प्राणी. सांगा, कशात टाकू?"

तिसऱ्या रकान्यात झूलॉजीचे बेडूक जात असत. पार्सल त्यांच्या टेबलावर, पंख्याच्या गरम वाऱ्याखाली, दोन दिवस राहिलं. मे महिना होता. चंद्रपूरच्या मे महिन्याबद्दल बाहेरच्या माणसांना मी काही सांगत नाही. त्यांना ती अतिशयोक्ती वाटते.

तिसऱ्या दिवशी शब्बीरभाई माझ्याबरोबर आले. शब्बीरभाई आमचे लॅब अटेंडंट. सतरा वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये होते. काच धुण्यापासून जेली ओतण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत कोडाचे पांढरे डाग होते, एक डाग हनुवटीवर होता. त्यांनी पार्सलकडे पाहिलं आणि बडे बाबूंना म्हणाले, "विरजण हाय जी हे. याले काऊन एनओसी मागता?"

"विरजण?"

"हो न. दह्याचं राह्यते, तसंच. थोडंसं टाकलं का रातभरात भांडंभर होते. घरी बाईले इचारा."

बडे बाबूंनी क्षणभर विचार केला आणि साहित्याच्या रकान्यात सुंदर अक्षरात लिहिलं, विरजण, नग एक. मी सही केली. शास्त्राच्या दृष्टीने ती नोंद फारशी चुकीची नव्हती.

आता हे टायरोसिनेज काय आहे ते सांगतो. एन्झाइम म्हणजे शरीरातला कारागीर, एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करून देणारा. टायरोसिनेज हा कातडीतला कारागीर मेलॅनिन नावाचा काळसर रंग करायला घेतो. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तिथे याचाच एक दूरचा भाऊ काम करत असतो. जनुक म्हणजे हा कारागीर कसा घडवायचा याची लिहून ठेवलेली कृती. माणसातली ही कृती बॅक्टेरियात नेऊन ठेवली आणि सगळं नीट झालं, तर बॅक्टेरिया काळे पडतात. त्याचा फायदा एवढाच की यंत्र लागत नाही. कृती पोचली, वाचली गेली आणि अमलात आली, हे साध्या डोळ्यांना दिसतं. आता याला सिंथेटिक बायोलॉजी म्हणतात. तेव्हा, म्हणजे दोन हजार सालाच्या आसपास, आम्ही नुसतं रिकॉम्बिनंट म्हणायचो आणि तेवढ्यानेही आमच्या प्राचार्यांची मान ताठ व्हायची.

ही कल्पना त्यांचीच. शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजला एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी मिळालं होतं, आता आम्हालाही एम.एस्सी. हवं होतं. त्यांच्याकडे टिश्यू कल्चरची केळीची रोपं होती.

"त्यांच्याकडे केळी. आपल्याकडे काय?" प्राचार्यांनी विचारलं.

"धानाच्या मुळांवरचे बॅक्टेरिया आहेत, सर. माझं कामच त्यावर आहे."

"युनिव्हर्सिटीची कमिटी धान पाहायला येईल का? इथून चामोर्शीपर्यंत धानच धान आहे. माणसाचं काही तरी आणा."

मी मित्राला पत्र लिहिलं. हौस प्राचार्यांची होती, पण गरज दुसऱ्याच माणसाची होती. बी.एस्सी.ला मुलं कमी होत चालली होती. एम.एस्सी. मिळालं नाही तर आमची लॅब बॉटनीत विलीन करायची, असं संस्थेने ठरवलं होतं. मग एक अटेंडंट अतिरिक्त ठरणार होता. अतिरिक्त हा शिक्षण खात्याचा शब्द आहे. त्याचा अर्थ, माणूस आहे पण त्याच्यासाठी जागा नाही. संस्थेची दुसरी शाळा सिरोंच्याला होती, राज्याच्या पार टोकाला, आणि तिथे एक जागा रिकामी होती. बसने सकाळी निघालं तर संध्याकाळी पोचायचं. शब्बीरभाईंची मुलगी शाहीन आमच्याकडेच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. बाप सिरोंच्याला गेला असता तर घर त्याच्यामागे गेलं असतं आणि कॉलेज इथेच राहिलं असतं.

शब्बीरभाई याबद्दल एकदाच बोलले. काच पुसताना म्हणाले, "सर, सिरोंच्याले तेलुगू बोलतेत म्हणे. मले या उमरमधी जमन का?"

मी म्हणालो, "वेळ येणार नाही."

विरजण लावलं. टायरोसिनेजला रंगासाठी कच्चा माल लागतो, तो जेलीत घातला. चिमूटभर मोरचूदही घातलं, संत्र्यांच्या बागांवर फवारतात तेच, कारण या कारागिराला तांब्याशिवाय हात चालवता येत नाहीत. जेलीच्या प्लेट्स, म्हणजे काचेच्या चपट्या झाकणबशा, इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. दुसऱ्या दिवशी बॅक्टेरिया वाढलेले होते. पांढरे. तिसऱ्या दिवशीही पांढरे. पुन्हा नवी बॅच लावली. तीही पांढरी.

एसटीडी बूथवरून मित्राला फोन केला.

"टेंपरेचर किती ठेवलंस?"

"सदतीस."

"इन्क्युबेटरवर लिहिलेलं की आतलं?"

आतलं मी पाहिलंच नव्हतं. इन्क्युबेटर म्हणजे गरम करणारं कपाट. ते बाहेरच्या हवेला आणखी तापवू शकतं, थंड करू शकत नाही. बाहेर चव्वेचाळीस असताना त्याच्या काट्याने सदतीस दाखवणं ही निव्वळ सभ्यता होती.

"अरे, हे एन्झाइम माणसाचं आहे. बॅक्टेरियात ते नाजूक असतं," मित्र म्हणाला. "फार गरम झालं तर त्याची घडीच बसत नाही. अठ्ठावीसला ठेव."

"अठ्ठावीस आमच्याकडे जानेवारीत मिळतं."

तो हसला. मी हसलो नाही. कमिटी नऊ दिवसांवर आली होती.

कॉलेजात एसी एकच होता, प्राचार्यांच्या केबिनमध्ये. मी विचारून पाहिलं. "बॅक्टेरिया? माझ्या केबिनमध्ये?" असं म्हणून त्यांनी घंटी वाजवली आणि चहा मागवला, म्हणजे विषय संपला. फ्रिज होता, पण त्यात चार अंश. तिथे बॅक्टेरिया झोपी जातात.

मी लॅबमध्ये येऊन शब्बीरभाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग त्यांचा प्रश्न आला, पण तो टेंपरेचरचा नव्हता.

"सर, हे एन्झाइम माझ्या हातातून गेलं का?"

सतरा वर्षांत त्यांनी आपल्या हातांबद्दल मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. मी सांगितलं, की कोडात जनुक शाबूत असतं. कृती जागेवरच असते. रंग करणाऱ्या पेशीच तेवढ्या भागातून नाहीशा होतात.

त्यांनी हात उलटसुलट करून पाहिले.

"मतलब नुस्खा सलामत हाय, बावर्ची फौत झाला."

मी आयुष्यभर हा विषय शिकवला. इतकं नेमकं वाक्य मला कधी सुचलं नाही.

"मंग तुमचं अठ्ठावीस पाह्यजे न? थांबा," असं म्हणून ते बाहेर गेले. थोड्या वेळाने एक रिकामं पोतं आणि पाण्याची बादली घेऊन आले. प्लेट्स कॉलेजचं नाव कोरलेल्या स्टीलच्या गोल डब्यात रचल्या. डबा ओल्या पोत्यात गुंडाळून खिडकीत, झळा येतात तिथेच ठेवला.

"शब्बीरभाई, उन्हात?"

"ऊन नाई, सर. हवा. माठ कुठी ठेवता तुमी? कपाटात? जितकी गरम अन् सुकी हवा, तितकं पाणी उडते, तितकं आतून थंड होते. आपल्या गावाले दुसरी कोणतीच चीज फुकट नाई, सुकी हवा तेवढी फुकट हाय."

डब्याच्या झाकणाला भोक पाडून थर्मामीटर घातला. तासाभरात पारा एकोणतिसावर आला, मग अठ्ठाविसावर थांबला. बाहेर पंचेचाळीस. विजेचा त्यात संबंध नव्हता, आणि हे महत्त्वाचं होतं. आमच्या शहराच्या कडेला वीज केंद्राच्या चिमण्या रात्रंदिवस धूर सोडतात, ती वीज दूरदूरच्या शहरांना जाते आणि आम्ही दुपारभर लोडशेडिंगमध्ये वर्तमानपत्राने वारा घेतो.

दुसऱ्या दिवशी शब्बीरभाई म्हणाले, "सर, एक डबा घरी घेऊन जातो. माझ्या घरी माठाजवळ चांगली हवा लागते. शाहीन पाणी मारत राहीन. एकाच जागी सगळं ठेवू नये."

माणसाचं जनुक असलेले बॅक्टेरिया पिण्याच्या माठाशेजारी ठेवायचे. नियमांत हे कुठेच बसत नव्हतं. हे बॅक्टेरिया कोणाला अपाय करणारे नाहीत हे मला ठाऊक होतं, पण नियमांना ते ठाऊक नसतं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. सरकारी कामात न ऐकण्याला मोठी प्रतिष्ठा आहे.

चौथ्या दिवशी लॅबमधल्या प्लेट्सवर कडेने तपकिरी छटा आली. पाचव्या दिवशी ठिपके काळे झाले. शब्बीरभाई भिंग घेऊन बराच वेळ पाहत होते. मला बोलावलं नाही. मी मागून जाऊन पाहिलं.

"आले?"

"आले न. काजळासारखे." मग म्हणाले, "कमिटीपर्यंत आखीन गहिरे होईन. पोतं तेवढं सुकू नाई देवाचं."

कमिटीच्या आदल्या दिवशी प्राचार्यांनी मला बोलावलं.

"उद्या शब्बीरला रजा द्या."

"का, सर? लॅब तेच चालवतात."

"अहो, हात. पाहुण्यांसमोर प्लेट्स देणार, चहा देणार. कोणाला वाटेल संसर्ग आहे."

"कोडाचा संसर्ग नसतो, सर."

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे. कमिटीला माहीत असेल हे गृहीत कसं धरायचं?"

"कमिटीत मायक्रोबायोलॉजीच्या प्रोफेसर बाई आहेत."

"म्हणूनच म्हणतो. त्यांचं हायजीनकडे जास्त लक्ष असतं. माझा वामन लॅब सांभाळेल. चकाचक करून ठेवेल."

मी आणखी काही बोलायला हवं होतं. एम.एस्सी.ची फाइल टेबलावर होती, त्यावर त्यांचा हात होता. मी उठून आलो.

शब्बीरभाईंनी रजेचा अर्ज माझ्यासमोरच लिहिला. "कारण काय लिहू, सर?"

"घरगुती."

"घरगुतीच हाय म्हणा. कातडं घरचंच हाय." त्यांनी लिहिलं. "अन् मी त अर्धा गोरा झालोच हाय. पुरा झालो असतो त साहेबांनी मले कमिटीच्या गाडीत बसवलं असतं."

मी त्याखाली मंजूर लिहून सही केली. सही नेहमीपेक्षा लहान आली.

"वामनभाऊले सांगा, पोत्याले पाणी मारत राह्यचं," जाताना ते म्हणाले. "बाकी कायले हात लावू नोको म्हणा."

वामनला मी तसंच सांगितलं. पण प्राचार्यांनी त्याला चकाचक सांगितलं होतं, आणि वामन प्राचार्यांचा शिपाई होता.

सकाळी आठपासून मी गेटवर पुष्पगुच्छ धरून उभा होतो. कमिटी साडेनऊला आली. तिघे होते. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त प्राचार्य, दुसऱ्या त्या प्रोफेसर बाई आणि तिसरे रजिस्टरं तपासणारे एक गृहस्थ. त्यांना सभागृहात नेलं, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक झालं. मग ते बॉटनीकडे वळले आणि मी लॅबमध्ये धावलो.

लॅबला फिनाइलचा वास येत होता. टेबलावर सॅटिनचं निळं कापड अंथरलं होतं. त्यावर सहा प्लेट्स फुलासारख्या गोल मांडल्या होत्या. सहाही पांढऱ्याशुभ्र.

"वामनभाऊ, पोत्यातला डबा कुठे आहे?"

"धुऊन पालथा घातला न, सर. त्यातलं सगळं सडून गेल्तं. काळं पडलं होतं. फिनाइल टाकलं अन् मोरीत सोडून देल्लं." मग अभिमानाने सॅटिनकडे हात केला. "थ्या कोपऱ्यात चांगल्या प्लेटा होत्या, त्या काढून ठेवल्या. पाहा, एक डाग नाई."

कोपऱ्यातल्या त्या प्लेट्स म्हणजे पहिल्या दोन फसलेल्या बॅच. नष्ट करायच्या म्हणून बाजूला ठेवलेल्या. मी खुर्चीवर बसलो. वामनला रागावण्यात अर्थ नव्हता. प्लेटवर काळं आलं म्हणजे बुरशी, बुरशी म्हणजे बिघाड, बिघाड म्हणजे फेका, हे कॉलेजातल्या प्रत्येक शिपायाला आम्हीच शिकवलं होतं.

मग मला घरचा डबा आठवला.

मी पळत बाहेर आलो. शब्बीरभाईंच्या घरी कोणाला पाठवावं या विचारात सायकल स्टँडपाशी पोचलो, तर शब्बीरभाई तिथेच कडुनिंबाखाली स्टँडवाल्याशेजारी बसलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट. बाह्या मनगटापर्यंत लावलेल्या, त्या उन्हात.

"घरी करमलं नाई," ते म्हणाले. माझा चेहरा पाहून पुढचं काही विचारलंच नाही. "फेकलं?"

"फेकलं."

ते सायकलवर बसले.

कमिटी लॅबमध्ये आली तेव्हा ते परतले नव्हते. अध्यक्षांनी सॅटिनवरच्या प्लेट्सकडे पाहून मान डोलावली. "छान. स्वच्छ आहेत."

"सर, या काळ्या व्हायला हव्या होत्या," मी म्हणालो.

"होतील, होतील," प्राचार्य घाईने म्हणाले. "प्रोसेस चालू आहे."

प्रोफेसर बाईंनी एक प्लेट उचलून खिडकीकडे धरली. "किती दिवसांच्या आहेत?"

"जुन्या आहेत, मॅडम."

"मग यात जनुक चालतच नाही. लेबल लावलं म्हणून ते मानवी होत नाही, सर." त्यांनी प्लेट खाली ठेवली आणि वहीत काही लिहिलं. एक ओळही झाली नसेल. मला सिरोंच्याची बस दिसली.

तेवढ्यात दारात सायकलची घंटी वाजावी तसा डब्याच्या कडीचा आवाज झाला. शब्बीरभाई आत आले. शर्ट घामाने चिकटलेला, बाह्या कोपराच्या वर सारलेल्या. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेला डबा. प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शब्बीरभाईंनी कोणाकडेच पाहिलं नाही. सॅटिन एका बाजूला सारलं, डबा उघडला आणि वरची प्लेट काढून बाईंसमोर धरली.

ठिपके काळेभोर होते. भोवतालच्या जेलीतही रंग उतरला होता.

"कंटॅमिनेशन?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी वही बाजूला ठेवली आणि प्लेट घेतली. "किती डिग्रीला?"

"अठ्ठावीस," मी म्हणालो.

"बी.ओ.डी. इन्क्युबेटर आहे तुमच्याकडे?"

बी.ओ.डी. म्हणजे गरम आणि थंड दोन्ही करणारं कपाट. "नाही," मी म्हणालो.

"मग चंद्रपुरात मे महिन्यात अठ्ठावीस आणलं कुठून?"

मी प्राचार्यांकडे पाहिलं. प्राचार्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"ओल्या पोत्यातून, बाई," शब्बीरभाई म्हणाले.

"म्हणजे?"

त्यांनी सांगितलं. माठ, सुकी हवा, खिडकी. सांगताना हात हवेत फिरत होते. बाईंनी विचारलं, थर्मामीटर लावला होता का. शब्बीरभाईंनी खिशातून बसच्या तिकिटांबरोबर ठेवलेली एक लहान डायरी काढली. सकाळ, दुपार, सांज, प्रत्येक दिवसाचे तीन आकडे. बाई बोट ठेवून वाचत गेल्या.

"सत्तावीस, अठ्ठावीस, अठ्ठावीस. इथे एकदम बत्तीस कसं?"

"जुम्मा होता, बाई. मी नमाजले गेल्तो. पोरीले पाणी माराले सांगाचं भुललो."

बाई हसल्या. दुसरी प्लेट मागितली. तिसरी मागितली. तिन्ही खिडकीशी नेऊन पाहिल्या. "मी पीएच.डी.च्या मुलांकडे आकडे मागते तेव्हा सगळे अठ्ठावीस असतात," त्या म्हणाल्या. "बत्तीस कोणी लिहीत नाही."

रजिस्टरवाले गृहस्थ आता पुढे झाले. त्यांनी विचारलं, "हा डबा बाहेरून आला. हे मटेरियल ठेवलं कुठे होतं?"

उत्तर प्राचार्यांनी दिलं. पापणीही हलली नाही.

"आमच्या एक्स्टेंशन युनिटमध्ये."

"ते कुठे आहे?"

"गावात. समाजाशी जोडलेलं आहे."

शब्बीरभाईंनी डब्याचं झाकण लावलं. त्यांच्या ओठाची कड हलल्यासारखी मला वाटली.

दीड महिन्याने रिपोर्ट आला. एम.एस्सी. मंजूर. अटी, बी.ओ.डी. इन्क्युबेटर घ्यावा आणि ग्रंथालयात पंखे वाढवावेत. शेरे, परिसर स्वच्छ आहे, स्वागतगीत सुरेल होते, एक्स्टेंशन युनिटचे कार्य उल्लेखनीय आहे. माणसाच्या जनुकाबद्दल एक अक्षर नव्हतं. शेवटी रजिस्टरवाल्यांचा आक्षेप होता. दुग्धशास्त्राचा अभ्यासक्रम नसताना महाविद्यालयाने विरजण कशासाठी मागवले, याचा खुलासा करावा. बडे बाबू तो खुलासा वर्षभर करत होते.

प्राचार्यांनी पुढे दरवर्षी एक्स्टेंशन युनिटचा अहवाल माझ्याकडून लिहून घेतला. शब्बीरभाईंच्या स्वयंपाकघराने समाजासाठी काय काय केलं, याची माझ्याकडे आठ पानं आहेत.

कोणी अतिरिक्त ठरलं नाही. शाहीनने आमच्याकडेच एम.एस्सी. केलं. ती आता राजुऱ्याला ज्युनिअर कॉलेजात शिकवते.

कमिटी गेली त्या दुपारी शब्बीरभाई प्लेट्स नष्ट करण्यासाठी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे लॅबच्या मोठ्या कुकरमध्ये, रचत होते. पाठमोरे होते. म्हणाले, "सर, बाईनं हात पाह्यलेच नाई. प्लेटच पाहून राह्यली होती." थोड्या वेळाने तेच वाक्य पुन्हा म्हणाले. मी रजेच्या अर्जाबद्दल काही बोलावं म्हणून तोंड उघडलं, पण ऑटोक्लेव्हची शिट्टी झाली आणि ते राहिलं. पुढे आम्ही दोघं निवृत्त झालो, रस्त्यात भेटत राहिलो, चहा घेत राहिलो. ते राहिलं ते राहिलंच.

शब्बीरभाई गेले त्याला आता दीड महिना होतो. चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याला मी गेलो होतो. माठ त्याच जागी आहे.

त्याच आठवड्यात कॉलेजातून फोन आला. आता विभागप्रमुख माझाच विद्यार्थी आहे. कुठली तरी नवी कमिटी येणार आहे आणि काळ्या प्लेट्स दाखवायच्या आहेत.

"सर, प्लेट्स पांढऱ्याच येतात. बी.ओ.डी. मशीन अठ्ठावीस पॉइंट झिरो दाखवतं. पण आतला पंखा हवा कोरडी करतो, तिसऱ्या दिवशी जेलीचा पापड होतो. शेवटी ओलं पोतं करून पाहिलं. कधी तीस, कधी चोवीस. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय, पोतं ओलं ठेवावं. किती वेळाने पाणी मारायचं ते नाही लिहिलं."

प्रोटोकॉल, म्हणजे प्रयोगाची लेखी कृती, मी लिहिला होता. खाली माझी सही आहे, चांगली मोठी. किती वेळाने, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मी शाहीनला फोन केला.

"टाइम नव्हता, सर," ती म्हणाली. "अब्बा येता-जाता पोत्यावर हात ठेवून पाह्यचे. हाताले कोमट लागलं का पाणी. मले पण तसंच शिकवलं होतं, पण मले नाई जमलं. माझा हात मंद हाय म्हणायचे."

मी विभागप्रमुखाला ते जसंच्या तसं सांगितलं. तो लिहून घेत होता. मग थांबला.

"हाताला कोमट म्हणजे, सर, कोणाच्या हाताला?"

एवढ्या वर्षांच्या नोकरीतून मला मिळालेला धडा तो हाच. प्रोटोकॉलमध्ये हात लिहिता येत नाही. तेव्हा हात हजर आहे तोवर त्याला रजा मंजूर करू नये.